बंद म्हटल्यावर

"चहा आणि टोस्ट?" ताई म्हणाली. "मी काय दात येणारं बाळ आहे?"

समोरची थेरपिस्ट मुलगी ओशाळली. रुग्ण घरी एकटा राहू शकेल का, हे ठरवण्यासाठी त्या रुग्णालयात स्वयंपाकाची एक चाचणी घेत. सगळे रुग्ण चहा-टोस्टच करतात, फार तर ऑम्लेट, असं ती समजावून सांगत होती. ताईने तिला पुरतं बोलूही दिलं नाही. पलंगावर पाय सोडून बसल्या बसल्या तिने उजव्या हाताने यादी लिहून दिली. चिकन, हाडं काढलेलं, मांडीचं. मशरूम. कांदा, लसूण, लोणी, मैदा, दूध, क्रीम, जायफळ, चीज, ब्रेडचा चुरा, नळीचा पास्ता. खाली दोन रेघा मारून लिहिलं, 'डबाबंद सूप आणू नये.'

ही माझी थोरली बहीण. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये ती एकतीस वर्षं मुख्य स्वयंपाकीण होती आणि सगळे तिला सुभेदार म्हणायचे, अर्थात तिच्या माघारी. त्यातली बावीस वर्षं मी तिच्या हाताखाली होते. दर गुरुवारी चारशे माणसांसाठी आम्ही हाच पास्ता करायचो, आणि बुधवारी आजारी असलेली माणसं गुरुवारी हटकून बरी व्हायची.

चार महिन्यांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला, मग पाय बराचसा परत आला, हात थोडासा. डोकं शाबूत आहे असं डॉक्टर म्हणत, आणि जीभ तर आधीपेक्षा शाबूत होती. चाचणीत पास झाली तर ती आपल्या घरी जाणार होती, तिच्या दोन खोल्यांत, तिच्या भांड्यांत. नापास झाली तर शहराबाहेरच्या निवासी केंद्रात. तिथे एका खोलीत तिघीजणी असतात, संध्याकाळी साडेपाचला जेवण मिळतं आणि स्वयंपाकघराला कुलूप असतं. सोमवारपासूनची एक खाट तिच्या नावाने राखूनही ठेवली होती.

"मला कुलूपवाल्या स्वयंपाकघरात टाकलंत तर मी तिसऱ्या दिवशी मरेन," ती मला म्हणाली होती. रडत नव्हती. हवापाण्याबद्दल बोलावं तशी बोलली, म्हणून मला ते जास्त लागलं.

शुक्रवारी सकाळी दहाला आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या त्या सरावाच्या स्वयंपाकघरात गेलो. कपाटांवर 'ताटल्या', 'पेले' अशा चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. ताईने त्या वाचल्या आणि नाक मुरडलं. ओट्यावर गॅसच्या दोन शेगड्या, खाली विजेची भट्टी. गॅसचा मुख्य कॉक दाराशेजारी भिंतीवर होता, लाल मुठीचा. खोलीत दोन खुर्च्या होत्या, एक खिडकीपाशी आणि एक दाराशी. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले. का, ते तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

"तुम्ही बोलायचं नाही आणि मदतही करायची नाही," मुलगी मला म्हणाली. "एका शब्दाने जरी सुचवलंत तरी मला तसं लिहावं लागेल."

"तिला सवय आहे," ताई म्हणाली. "बावीस वर्षं गप्पच होती."

खरं सांगायचं तर मी गप्प नव्हते. माझं लग्न मोडलं तेव्हा ताईने मला कॅन्टीनमध्ये लावून घेतलं, राहायला जागा दिली, आणि त्यानंतर माझं बोलणं कुणाच्या कानावर पडलंच नाही. तिने कधी उपकार बोलून दाखवले नाहीत. पण सकाळी साडेचारला उठायचं, तिच्या मागोमाग चालायचं, ती म्हणेल ते चिरायचं आणि ती म्हणेल तेव्हा थांबायचं, यात माझा तिशीपासून बावन्नपर्यंतचा जन्म गेला. मग कारखाना बंद पडला. त्यालाही आता तीन वर्षं झाली. लोक रडत होते. मी घरी जाऊन नऊपर्यंत झोपले.

आता मी सकाळी तलावावर पोहायला शिकते. ताई मला म्हातारपणीचा बेडूक म्हणते. पाण्यात डोकं बुडवलं की कुणाचाही आवाज येत नाही, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

ताईने सुरुवात केली आणि तिला पाहताना माझा ऊर भरून आला, ते नाकारण्यात अर्थ नाही. तिने फळीखाली ओला रुमाल घातला म्हणजे फळी सरकू नये. कांदा डाव्या मनगटाने दाबून धरला आणि उजव्या हाताने बारीक चिरला. मशरूम पाण्याखाली धरले नाहीत, कापडाने पुसले. पातेलं चांगलं तापल्यावर मूठभरच टाकले, गर्दी केली नाही.

"मीठ नाही घालत?" मुलीने विचारलं.

"आत्ता घातलं तर रडत बसतील. आधी त्यांचं पाणी आटू दे, रंग येऊ दे. मग मीठ."

मशरूम तांबूस झाले, ते काढले. त्याच पातेल्यात चिकनचे तुकडे टाकले आणि अजिबात हलवले नाहीत. मुलीचा हात चुळबुळत होता. ताईने तिच्याकडे बघितलंही नाही. तुकडे स्वतःहून तळ सोडायला लागले तेव्हाच तिने उलटले. मग कांदा, लसूण, लोणी, लोण्याइतकाच मैदा. मैद्याचा कच्चा वास जाईपर्यंत ती ढवळत राहिली. दूध कोमट करून ठेवलं होतं, ते पळीपळीने घातलं. एका हाताने ओतणं आणि ढवळणं जमेना, तेव्हा तिने पातेल्याचा दांडा ओट्याच्या कडेशी कमरेने दाबून धरला. एकही गुठळी झाली नाही. शेवटी क्रीम, जायफळ, आणि मनगटाच्या मागच्या बाजूला थेंब घेऊन चव. नेहमीसारखीच.

दुसऱ्या शेगडीवरचा पास्ता तिने दोन मिनिटं आधीच काढला. "राहिलेलं भट्टीत शिजतं," ती मुलीला म्हणाली, "नाहीतर लगदा होतो. लिहून घे, तुझ्या घरी उपयोगी पडेल." मुलगी हसली. तिच्या कागदावर सगळीकडे बरोबरच्या खुणा होत्या, मला तिरकं दिसत होतं. ताई जिंकत होती.

पास्ता, चिकन, मशरूम, सगळं एकत्र करून तिने भांड्यात ओतलं. वर चीज, चुरा. रिकामं पातेलं परत शेगडीवर टेकवलं. दोन्ही जाळ चालू होते. भांडं उचलताना ती मागे न बघता, कणखर आवाजात म्हणाली,

"बंद."

माझे गुडघे उठले. खरोखर उठले, खुर्ची दोन बोटं मागे सरकली.

कॅन्टीनमध्ये मुख्य कॉक दाराशी होता, शेगड्यांपासून वीस पावलं लांब. एकदा कुणाच्या तरी निष्काळजीपणामुळे नळीत राहिलेल्या गॅसने एका बाईचे हात भाजले, तेव्हापासून ताईने नियमच घातला. शेगडीचं बटण आधी कुणी फिरवायचं नाही. तिने 'बंद' म्हणायचं, दाराशी असलेल्या माणसाने कॉक फिरवायचा आणि 'बंद' असं उलट सांगायचं. मग जाळ आपोआप विझायचा, आणि त्यानंतर बटणं. ते दाराशी असलेलं माणूस म्हणजे मी. बावीस वर्षं, रोज, एकही दिवस न चुकता.

आणि मी दाराशीच येऊन बसले होते. खिडकीपाशी बसले असते तर कदाचित तिने स्वतःच बटण फिरवलं असतं. मला पाठीमागे घेऊन ती पुन्हा कॅन्टीनमध्ये गेली होती.

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि नको अशी मान हलवली. मी परत टेकले.

ताईने भांडं भट्टीत सरकवलं, दार लावलं, भट्टीची घंटा लावली, "पंचवीस मिनिटं," म्हणाली आणि स्टुलावर बसून हात पुसू लागली. तिच्या पाठीमागे दोन्ही शेगड्या जळत होत्या. एकीवर पास्त्याचं उरलेलं पाणी उकळत होतं, दुसरीवर रिकामं पातेलं. मुलगी लिहायची थांबली होती आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. एक मिनिट. दोन. पातेल्याच्या तळाला चिकटलेलं दूध करपायला लागलं. मशरूम पुसलेलं कापड ओट्याच्या कडेला होतं, जाळापासून वीतभर. लाल मूठ माझ्या खांद्याशी होती, हात लांबवायचीही गरज नव्हती.

मी हात मांडीखाली घेतले.

ताईने नाक वर केलं, वास घेतला आणि वळली. शेगडीकडे नाही, माझ्याकडे.

"चिमणे, बंद म्हटलं ना मी?"

मुलगी उठली आणि तिने कॉक फिरवला. जाळ विझले. ताई तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग भिंतीवरच्या चिठ्ठ्यांकडे. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आपण कुठे आहोत ते तिच्या लक्षात आलं होतं.

मुलीने मला बाहेर बोलावलं. व्हरांड्यात औषधांचा वास होता आणि कुणीतरी रिकामी चाकाची खुर्ची ढकलत नेत होतं.

"सगळं इतकं छान चाललं होतं," ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं. "त्या विसरल्या का?"

मी तिला सांगितलं. वीस पावलं, भाजलेले हात, उलट 'बंद' म्हणणं, सगळं. मला वाटलं, सांगितलं की ती खोडेल, नवी खूण करेल. लहान मुलीच्या आशेने मी सांगत होते.

"म्हणजे विसर नाहीये, सवय आहे," ती म्हणाली. "पण घरी एकट्या असताना त्या 'बंद' म्हणतील आणि ऐकायला कुणी नसेल. एकटीने राहण्याला मी मंजुरी देऊ शकत नाही." मग तिचा चेहरा उजळला. "पण सोबत कुणी राहणार असेल तर देता येते. मी आत्ता तसं लिहू शकते. तुम्ही राहाल ना त्यांच्याजवळ?"

किती सोपा प्रश्न. मी एकटी आहे, मला मूल नाही, नोकरी नाही. तिच्या घरापासून माझं घर चालत दहा मिनिटांवर. मला ताई आवडते. तिच्यासारखं माणूस मी पाहिलेलं नाही. तिने मला रस्त्यावर पडू दिलं नाही आणि मी ते विसरलेले नाही. हे सगळं माझ्या डोक्यात एकाच वेळी होतं, आणि त्याच वेळी माझ्या कानांत तो तलावातला शांतपणा होता.

"नाही," मी म्हणाले.

तिला वाटलं मला प्रश्न कळला नाही. "कायमचं नाही, सुरुवातीला सहा महिने तरी."

"नाही. मला जमणार नाही."

कारण विचारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मी कारण तयार ठेवलं होतं, गुडघेदुखीचं. ते सांगावं लागलं नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

"तुम्ही सांगाल त्यांना, की मी सांगू?" तिने विचारलं.

"जेवण झाल्यावर मी सांगते."

आत आलो तर भट्टीची घंटा वाजत होती. ताईने जाड हातमोजा घातला होता. मुलीने आता दुसरी बाजू धरली. चाचणी संपली होती, त्यामुळे चालत होतं. वरचा थर सोनेरी झाला होता, कडांना साय बुडबुडत होती. ताईने पाच मिनिटं कुणाला हात लावू दिला नाही. मग तिने वाढलं. मुलीला मधला भाग, स्वतःला थोडासा, आणि मला कोपरा, दोन बाजूंनी कुरकुरीत झालेला. कॅन्टीनमध्ये कोपऱ्यासाठी भांडणं व्हायची, पण एक कोपरा ती दर गुरुवारी झाकून ठेवायची. माझ्यासाठी.

"खा," ती म्हणाली. "तोंड का पाडलंयस? मला कळलंय सगळं. एकटीला सोडणार नाहीत." तिने काट्याने मशरूम टोचला. "नाही तर नाही. तू आहेस ना. तुझी खाट खिडकीखाली लावू. बेडकाला हवा लागते."

मुलगी ताटलीत बघत होती. माझ्या तोंडात घास होता आणि तो अप्रतिम होता, हे मला सांगायलाच हवं. मशरूम घट्ट, चिकन मऊ, जायफळ जेमतेम जाणवणारं. मी तो गिळला.

"ताई," मी म्हणाले.

"थांब, भट्टी चालूच आहे," ती म्हणाली. बटण तिच्या हाताशीच होतं. ती माझ्याकडे बघून हसली, चार महिन्यांत पहिल्यांदा, चेहऱ्याच्या एकाच बाजूने.

"बंद," ती म्हणाली.

मी उठले. चालत गेले, बटण फिरवलं आणि म्हटलं, "बंद."

"बघ," ताई मुलीला म्हणाली. "लिही तुझ्या कागदावर. आम्ही दोघी असलो की काही अडत नाही."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी जागेवर येऊन बसले आणि कोपरा संपवायला लागले.