दम खाणारा बॉयलर

मित्रांनो, मी एक जुना बॉयलर आहे आणि सध्या मी फार रागात आहे. तापणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळे तुम्हाला वाटेल की यात नवीन ते काय? पण विजेने तापणं वेगळं आणि खोटं ऐकून तापणं वेगळं.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवून, सांधे जोडून, घासूनपुसून मला उभं केलं. ज्या कारागिराने मला बनवलं, त्याने माझ्यात पाणी भरून मला चांगलं तापवलं, प्रत्येक सांध्यावरून नजर फिरवली आणि मग पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा दगा देणार नाही." माझ्या पोटावर त्याने लाल अक्षरांत लिहिलं, 'काटा शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडू नये.' मग मी एका लॉंड्रीत आलो.

लॉंड्रीच्या मागच्या खोलीत दोन टेबलं होती. माझ्या दोन नळ्या दोन इस्त्र्यांना जोडलेल्या होत्या. एक इस्त्री थोरलीच्या हातात, दुसरी धाकटीच्या. त्या दोघी सख्ख्या जावा. मी वाफ पुरवायचो आणि त्या दिवसभर उभ्या राहून चादरी, अभ्रे, हॉटेलातल्या वेटरांचे कोट सरळ करायच्या. खोलीला खिडकी होती, पण तिच्यापुढे मालकाने खोक्यांची थप्पी लावली होती. वारा बिचारा बाहेरच्या बाहेर परत जायचा.

माझं पाणी संपत आलं की एक रीत होती. बटण बंद करायचं, उरलेली वाफ इस्त्रीतून सोडून द्यायची आणि वाफेचा दाब दाखवणारा माझा काटा शून्यावर यायची वाट बघायची. मगच झाकण उघडायचं, पाणी भरायचं. तेवढा वेळ इस्त्री बंद. "बॉयलर दम खातोय," असं थोरली म्हणायची आणि पालथ्या बादलीवर बसून पाय लांब करायची. धाकटी कपड्यांच्या गाठोड्यावर टेकायची. खरं सांगू का? दम त्या खायच्या, नाव माझं व्हायचं. मला त्याचा अभिमान होता.

"जाऊबाई," एकदा धाकटी म्हणाली, "सासूबाईंनाही असं बटण असतं तर?"

"असतं तरी बंद कोण करणार?" थोरली म्हणाली, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मालक पुढच्या खोलीत पंख्याखाली बसायचा. त्याच्या तोंडात दोन इंग्रजी शब्द कायम असत. ते कसे वापरायचे हे मीसुद्धा त्याच्याकडूनच शिकलो. गिऱ्हाईक फोनवर ओरडलं की, "साहेब, मला थोडी ब्रीदिंग स्पेस द्या, उद्या नक्की पाठवतो." बायकोने घरी लवकर बोलावलं की, "जरा ब्रीदिंग स्पेस देशील का मला?" नवा सोफा आणून पुढची खोली मोठी करून घेतली तेव्हा म्हणाला, "आता कशी ब्रीदिंग स्पेस मिळाली!" त्यासाठी मधली भिंत सरकली होती आमच्या खोलीत.

"जाऊबाई, ही ब्रीदिंग स्पेस म्हणजे काय हो?" धाकटीने विचारलं.

"त्यांना लागते आणि आपल्याला लागत नाही, अशी काहीतरी वस्तू असणार," थोरली म्हणाली.

मग एका मोठ्या हॉटेलचं काम आलं. कपड्यांचे ढीग छताकडे निघाले. मालक सारखा मागे येऊन डोकावू लागला. दोघी बसलेल्या दिसल्या की त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

"मालक, आम्हालाही जरा ब्रीदिंग स्पेस द्या की," धाकटी धीर करून म्हणाली.

"वा! इंग्रजी बोलायला लागली!" तो खो खो हसला. मग त्याने माझ्या काट्याकडे बोट दाखवलं. "हा शून्यावर यायची वाट कशाला बघता? थोडा खाली आला की झाकणावर ओलं फडकं गुंडाळायचं, हळूच सैल करायचं. काही होत नाही. नुसता टाइमपास करायचा असतो तुम्हाला."

माझ्या पोटावरची अक्षरं त्याच्या नाकासमोर होती. त्याला वाचता येत होतं.

थोरलीने धाकटीला झाकणाला हात लावू दिला नाही. "तू लांब हो गं, मी बघते," म्हणत ती स्वतः फडकं गुंडाळायची आणि तोंड फिरवून झाकण सैल करायची. वाफ फुस्सकन निघायची, तिचा हात चटकन मागे यायचा. काही दिवस निभावलं. मी माझ्याकडून होईल तेवढं सोसलं, पण पोटातली वाफ कुणाच्या हुकमाने थंड होत नाही हो!

त्या दुपारी मालक दारात उभा राहून "आटपा, आटपा, गाडी आलीय," असं ओरडत होता. थोरलीने झाकण फिरवलं. या खेपेला वाफेबरोबर उकळतं पाणी उसळलं आणि तिचा उजवा हात खांद्यापर्यंत भाजला. तिची ती किंकाळी मी विसरू शकत नाही. धाकटीने तिला नळाखाली धरलं, रिक्षात घातलं. मालकाने आधी कपडे ओले झाले का ते पाहिलं.

आणि मग सगळीकडे एकच गोष्ट सांगितली. "झाकण आपोआप उडालं. यंत्र जुनं, त्याला कोण काय करणार? यात कुणाचाच दोष नाही." दोष कुणाचाच नाही म्हटल्यावर उपचाराचा खर्च द्यायचा प्रश्नच मिटला. थोरली सरकारी दवाखान्यात हात उशीवर ठेवून पडलेली, आणि हा भंगारवाल्याला फोन करून म्हणतो, "तो डबा आजच्या आज उचल." मला डबा म्हणाला! मला खोटारडा ठरवून तो स्वतः मोकळा होत होता. अंगात वाफ नसतानाही माझा जळफळाट झाला.

धाकटी कामगार कार्यालयात गेली. भंगारवाला यायच्या आधी तिथल्या बाई तपासणीला आल्या. मालकाने त्यांना सोफ्यावर बसवलं, पण त्या सरळ मागच्या खोलीत आल्या.

"हेच ते झाकण का?" बाईंनी विचारलं. "यात पाणी भरा आणि तापवा."

धाकटीने मला भरलं, झाकण घट्ट केलं, बटण दाबलं. मी मनापासून तापलो. काटा वर वर गेला. कुठून थेंब नाही की वाफेचा धागा नाही. झाकण जागचं हललं नाही.

"हे तर उडत नाही," बाई म्हणाल्या.

"आज नाही उडालं, त्या दिवशी उडालं," मालक घाम पुसत म्हणाला.

धाकटीने बटण बंद केलं आणि थोडी वाफ इस्त्रीतून सोडली. काटा उतरू लागला, पण शून्य अजून बरंच लांब होतं. तिने फडकं भिजवून पिळलं आणि मालकापुढे धरलं.

"मालक, जाऊबाईंना रोज एवढ्यावरच उघडायला लावत होतात ना? काही होत नाही म्हणाला होतात. घ्या, उघडा."

मालक दोन पावलं मागे सरला. "वेड लागलंय का तुला? हात भाजेल ना माझा!"

आपण काय बोलून बसलो हे त्याला कळलं, पण शब्द सुटून गेला होता. बाईंनी पिशवीतून पेन काढलं.

मित्रांनो, माझी कथा ऐकून तुम्ही मला पुसून लख्ख ठेवाल, ते नका करू. मी पत्र्याचा आहे, मला पोचे चालतात. पण कुणी कुणाला घाईने गरम झाकण उघडायला सांगत असेल, तर मध्ये पडा आणि त्याला म्हणा, आधी तू उघड.