बाबाशी बोलायला कुणीतरी

बाबाचा दोस्त क्लेमोकाका गेला आणि बाबाशी कॉर्निशमध्ये, म्हणजे इंग्रजीआधीच्या आमच्या जुन्या भाषेत, बोलणारी मी एकटीच उरले. मी तरी काय बोलणार? दूध संपलं, गुडघा दुखतोय का, एवढंच. मी जन्मले तेव्हाच बाबाने ठरवलं होतं, लेकीशी इंग्रजीचा शब्द काढायचा नाही. अख्खं कॅम्बोर्न गाव त्याला चक्रम म्हणायचं, आणि होताच तो. चॅपलमागच्या हॉलमधला त्याचा कॉर्निशचा वर्ग कधीच ओस पडला होता. त्याला गर्दी नको होती. भांडायला, टोमणे मारायला एक माणूस हवं होतं.

गाण्यातून पोरांना भाषेची गोडी लागली, तर त्यातलं एखादं तरी बाबाशी बोलेल. म्हणून मी आमच्या बँडच्या ड्रमवाल्याला, गेरनला म्हटलं, आता कॉर्निशमध्ये गायचं.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही गं!"

"तुला बडवायचंय ना? मग बडव."

गाणं मी लिहिलं. 'निन्स ऑन नी मारो', म्हणजे आम्ही मेलेलो नाही. बाबा तालमीला आला. "पत्र्यावर गारा पडल्या की काय? पण व्याकरण चोख आहे हो," म्हणाला. उन्हाळाभर ते गाणं गावोगाव गाजलं. पोरांनी शर्टांवर छापून घेतलं. मला वाटलं, जमलं.

शेवटच्या कार्यक्रमाला बाबा टाय लावून आला. पोरं बेंबीच्या देठापासून गात होती, एक अक्षर चुकत नव्हतं. बाबाचे डोळे भरून आले. गाणं संपल्यावर तो एका शर्टवालीजवळ गेला आणि त्याने कॉर्निशमध्ये विचारलं, "नाव काय गं तुझं?"

तिने हसून मूठ उगारली. "निन्स ऑन नी मारो!"

दुसऱ्याला विचारलं, कुठला रे तू? "निन्स ऑन नी मारो!" तिसऱ्याला विचारलं, जेवलास का? त्यानेही तेच, वर बाबाला मिठी मारली. पोरं वाईट नव्हती, हेच वाईट. मी स्टेजवरून उतरेपर्यंत बाबा बाहेर पडला होता.

"वर्ग पुन्हा सुरू करू, बाबा. यातली चार तरी येतील." घरापर्यंत मी बडबडत राहिले. चहा टाकला आणि नेहमीसारखं आमच्या भाषेत विचारलं, साखर किती घालू?

"एकच चमचा," बाबा म्हणाला. इंग्रजीत.

आणि मी मेली, त्याच भाषेत "बरं" म्हणून बसले.