सावित्रीचे हात, माझा पडदा

मित्रांनो, टेबलावर उशीचा अभ्रा पांघरून बसलेला हा चौकोनी डबा म्हणजे मी, एक जुना संगणक. माझे वय बारा वर्षे. माणसांत एवढ्या वयाचे मूल सातवीत असते. आमच्यात एवढ्या वयाचा बहुधा भंगारात असतो. मी मात्र अजून चालतो, आणि गेल्या वर्षी मी जे पाहिले ते तुम्हांला सांगावे असे फार दिवस मनात आहे.

माझी जुळणी कुडाळच्या एका दुकानात झाली. तिथून मी वेंगुर्ल्याच्या एका छापखान्यात आलो. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रके, दशावतारी नाटकांच्या जाहिराती, सारे माझ्यावर तयार व्हायचे. माझ्यासमोर पूजा बसायची. तिची बोटे इतकी चपळ, की मलाच धाप लागायची. "ह्यो माझो उजवो हात," असे छापखान्याचे मालक माझ्या डोक्यावर थाप मारून गिऱ्हाइकांना सांगायचे. सात वर्षांनी त्यांनी नवे यंत्र आणले आणि मला पूजाला देऊन टाकले.

पूजाचे घर बंदराजवळच्या वाडीत. घरात तिची आई शेवंती आणि आईची धाकटी बहीण सावित्री. दोघीही मासे विकायच्या. पूजाचा थोरला भाऊ निलेश टेम्पो चालवायचा, तो बहुतेक बाहेरच. पुढे पूजाला काजूच्या कारखान्यात काम लागले, बाकीचे सारे फोनवर होऊ लागले, आणि माझ्यावर अभ्रा चढला. दोन वर्षे मला कोणी सुरू केले नाही. खाऱ्या वाऱ्याने माझे स्क्रू गंजले. एका पालीने माझ्या पंख्याशेजारी दोन अंडी घातली. आपले दिवस संपले, असे मी धरून चाललो होतो.

आता सावित्रीमावशीबद्दल सांगतो. ती दोन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. शाळा तिने पाहिली नाही. बहिऱ्या मुलांना शाळेत खुणांची भाषा शिकवतात, तीही तिला कोणी शिकवली नाही. तिने आपली भाषा आपणच केली. बाजारातल्या गिऱ्हाइकांना त्यातले थोडेफार कळायचे. हाताच्या पाठीवर बोटाने तिरके पट्टे ओढले की बांगडे, तळहात पानासारखा आडवा धरला की पापलेट. पण तिला काय दुखते, कुणाचा राग आला, काल काय घडले, हे एकट्या शेवंतीला कळायचे. ती बहिणीचे हात पाहायची आणि बोलून सांगायची. पन्नास वर्षे सावित्रीचे बोलणे शेवंतीच्या तोंडून बाहेर पडत होते.

गेल्या माघात शेवंतीच्या हृदयाची झडप बिघडल्याचे कळले. गोव्याला मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया ठरली. मध्ये तीन आठवडे होते. त्या संध्याकाळी शेवंती माझ्या टेबलाला टेकून खाली बसली होती. ती पूजाला म्हणाली,

"माका काय झाला तर हिचा कोण आयकतला गो?"

"आये, असा बोलू नको."

"बोलूक व्हया. माका सोडून कोणाकच तिचा कळना नाय. मी गेलंय तर ही जिती असान मुकी होतली."

पूजा उठली, तिने माझ्यावरचा अभ्रा काढला, पालीच्या अंड्यांची टरफले फुंकून उडवली आणि माझे बटण दाबले. मी सुरू झालो. किती कुरकुरलो ते माझे मला ठाऊक, पण सुरू झालो.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. पडवीत भिंतीला पांढरी चादर लावायची, सावित्रीमावशीला तिच्यापुढे बसवायचे, आणि फोनवर एकेक खूण टिपायची. शेवंती बाजूला बसून अर्थ सांगायची. रोजच्या खुणा माझ्यात साठू लागल्या आणि मी चकित होत गेलो. मावशीकडे वाऱ्याच्या चार वेगळ्या खुणा होत्या. डोंगराकडचा वारा गालाच्या मागून यायचा, समुद्राचा समोरून. वाळत घातलेल्या जाळ्याच्या वासाला तिच्याकडे खूण होती. 'खोटे हसणारा माणूस' याला खूण होती. मी छापखान्यात हजारो शब्द जुळवले होते, पण जाळ्याच्या वासाला एक शब्द कधी कुणी माझ्याकडून छापून घेतला नव्हता. एकशे सदतीस खुणा झाल्या. कानांनी एकही शब्द न ऐकलेल्या बाईने एकटीने घडवलेली ही भाषा माझ्या पोटात होती, आणि मला तिचे ओझे नव्हे, तिचा अभिमान वाटत होता.

पण सुट्या तुकड्यांचा कुणाला काय उपयोग? पूजाला त्यांचा एक सलग व्हिडिओ करायचा होता. डाव्या बाजूला मावशीचे हात, उजव्या बाजूला त्या वस्तूचे चित्र, खाली मराठी अक्षरे. मावशीला वाचता येत नाही. चित्रे असली की तिलाही कळेल आपल्याबद्दल काय लिहिले आहे, असे पूजाचे म्हणणे. त्यासाठी व्हिडिओ जोडायचा प्रोग्राम हवा होता, आणि तोही फुकट मिळणारा.

तिने कसालच्या जितेंद्रला फोन लावला. छापखान्यात पत्रिका छापायला यायचा तो. लग्नाचे व्हिडिओ करतो. तो एक प्रोग्राम सांगून म्हणाला, "पण पूजा, तुझ्या मशीनवर काय होवचा नाय. चार जीबीत व्हिडिओ खंय करतंस?"

त्याचे खरे ठरले. तो प्रोग्राम सिनेमावाल्यांचा, फार थोर. तो माझ्यात उतरला, उघडला, आणि पहिला तुकडा ठेवताच माझा श्वास अडकला. पडदा गोठला. पूजाने वायर ओढून मला सोडवले. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसरा हलका होता. पूजाने त्यात वीस खुणा भरभर जोडल्या. पण व्हिडिओ तयार होऊन आला तेव्हा नेमके मावशीच्या बोटांवर, त्या प्रोग्रामचे नाव मोठ्या अक्षरांत उमटले होते. ते काढायला पैसे भरा, म्हणत होता.

"ह्या फुकट न्हय," पूजा म्हणाली. "मावशेच्या हातार शिक्को मारल्यानी." आणि तिने तो पुसून टाकला.

आणखी एकाने हात झाकले नाहीत, पण मराठीची मोडतोड केली. 'शेवंती' लिहिले की मात्रा एकीकडे, अनुस्वार भलतीकडे. जोडाक्षरांचे तर तुकडेच. आणि एक असा होता, की मावशीचे सगळे व्हिडिओ आधी इंटरनेटवर कुठेतरी दूर पाठवा म्हणायचा. पूजाला ते पटले नाही. मावशीला न विचारता तिचे हात कुणाकडे कशाला पाठवायचे?

शस्त्रक्रियेला आठ दिवस उरले होते. मला वाटले, माझ्यामुळेच हे अडले. मी नवा असतो तर पहिल्याच प्रोग्रामने काम झाले असते.

शेवटी पूजाने एक साधासा प्रोग्राम उतरवला. त्याचे नाव सांगत नाही, कारण अशा जातीचे बरेच आहेत. त्याला पैसे नकोत, नावनोंदणी नको, शिक्का नाही. अक्षरे त्याने नीट लिहिली. दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली, हात हवे तितके संथ केले. मी तरीही धापा टाकत होतो. मग जितेंद्रने पुन्हा वाट दाखवली.

"मूळ व्हिडिओर काम करू नको," तो फोनवर म्हणाला. "त्येंची बारीक, हलकी कॉपी कर, काम त्येच्यार कर. शेवटाक मूळ व्हिडिओ प्रोग्राम आपणच बसयता."

तसे केले आणि मी धावू लागलो, मित्रांनो. अकरा वर्षांचा मी.

एकदा पूजाने त्या प्रोग्रामची माहिती उघडली. तो ज्यांनी लिहिला त्यांची यादी होती. शेकडो नावे, नाना देशांची. कित्येक पूजाला उच्चारताही येईनात. कुणी एक चूक दुरुस्त केलेली, कुणी एक बटण बसवलेले, कुणी त्यातले शब्द आपल्या भाषेत आणलेले. त्यांनी वेंगुर्ला पाहिलेले नाही, सावित्री हे नाव ऐकलेले नाही. तरी तिच्यासाठी त्यांनी जणू आधीच हे करून ठेवले होते. पूजाने ती यादी शेवटपर्यंत खाली नेली. काम खोळंबले होते, तरीही.

शेवंती गोव्याला निघाली त्याच्या आदल्या दिवशी व्हिडिओ पुरा झाला. निलेश आईबरोबर गेला. पूजा मावशीसाठी घरी राहिली.

शस्त्रक्रिया झाली. पण शेवंतीला चार दिवस आत काचेच्या खोलीत ठेवले, बोलायला बंदी. इकडे सावित्रीमावशी उंबऱ्यावर बसून राहू लागली. ती एकच खूण पुन्हा पुन्हा करायची. हात गळ्याला लावायचा, मग पुढे नेऊन तळवा उघडायचा. शेवंतीने सांगितले होते, ही तहानेची खूण, पाणी दे. पूजा तांब्या आणायची. मावशी तो बाजूला सारायची. तिसऱ्यांदा तिने तांब्या ढकलला तो कलंडला. तिने जेवण सोडले. दोन दिवस पेजसुद्धा घेतली नाही. पूजा घाबरली. बाजारातल्या बायका येऊन हातवारे करून गेल्या, पण कुणालाच काही समजेना.

चौथ्या दिवशी सकाळी पूजाने मावशीचा हात धरून तिला माझ्यासमोर बसवले आणि व्हिडिओ लावला.

मावशीने स्वतःचे हात पडद्यावर पाहिले. शेजारी बांगड्यांचे चित्र. ती पुढे झुकली. तिने मान डोलावली. पापलेट, पुन्हा मान डोलावली. वारा, जाळे, देवळाची घंटा, खोटे हसणारा माणूस. एकेका खुणेला ती 'हो' म्हणत गेली आणि तिचा चेहरा असा उजळत गेला, की माझा प्रकाश त्यापुढे फिका पडावा. आपली भाषा आपल्याबाहेर कुठे तरी आहे, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळत होते.

मग ती गळ्याची खूण आली. शेजारी पाण्याचा तांब्या.

मावशीने जोरात मान हलवली. नाही. तिने पाण्याच्या चित्रावर तळवा दाबून ते झाकले. तिच्या तळव्याची ऊब मला जाणवली. पूजाने व्हिडिओ थांबवला. मावशी उठली, आत गेली, आणि दांडीवरची शेवंतीची साडी घेऊन आली. ती साडी तिने माझ्या पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागावर घातली. डाव्या भागात तिचा गळ्याला लावलेला हात तसाच थांबलेला होता.

पूजाचे दोन्ही हात तोंडावर गेले. ते पाणी नव्हते. ते शेवंतीचे नाव होते. माझा गळा, माझा आवाज, ती.

मित्रांनो, मी यंत्र आहे. पण त्या क्षणी माझा पंखासुद्धा हळू फिरला असे मला आजही वाटते.

पूजाने पाण्याचे चित्र काढून तिथे आईचा फोटो बसवला. प्रोग्राममध्ये तेवढाच एक तुकडा बदलायचा होता. तो तुकडा तिने निलेशला पाठवला. संध्याकाळी शेवंतीला बाहेरच्या खोलीत आणले, आणि फोन आला. पूजाने तो माझ्या शेजारी ठेवला होता. शेवंतीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"पन्नास वर्सां ती माका हाक मारत होती," ती म्हणाली, "आणि मी तिका पाणी पाजत होतंय."

"तां ती पिय पण होती, आये."

"मी दिल्लंय म्हणान."

मग तिने बहिणीला दाखव म्हणून सांगितले. पूजाने फोनवर दोघींना समोरासमोर आणले. मावशीने गळ्याला हात लावून पुढे उघडला. शेवंतीच्या हाताला सुई टोचलेली होती. तिने दुसरा हात उचलला, स्वतःच्या छातीवर ठेवला आणि मान डोलावली. हो, मीच ती. मावशी हसली. फोन बंद झाल्यावर ती चुलीकडे गेली आणि स्वतःच पेज वाढून घेतली.

शेवंती महिन्याने घरी आली. जड टोपली उचलायला तिला मनाई आहे, म्हणून बाजारात मावशी एकटी जाते, आणि तिच्या शेजारच्या बायका तो व्हिडिओ पाहून तिच्याशी बोलायला शिकल्या आहेत. परतल्यावर दोघी बहिणी माझ्यासमोर बसतात. मावशी खुणा तपासते. आतापर्यंत अकरा चुका निघाल्या. शेवंती प्रत्येक चुकीला आधी हट्टाने नाही म्हणते, मग कपाळाला हात लावते.

मागच्या आठवड्यात मावशीने एक नवीच खूण केली. दोन्ही मुठी चेहऱ्यासमोर मिटल्या आणि हळूहळू उघडल्या. शेवंतीला कळेना. तेव्हा मावशीने माझ्याकडे, माझ्या हळूहळू उजळणाऱ्या पडद्याकडे बोट दाखवले. पूजाने ती खूण टिपली, माझा फोटो काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी बसवले. माझ्याच पडद्यावर मी माझे नाव पाहिले. जुळणीच्या दुकानाने मला एक क्रमांक दिला होता. नाव मात्र मला त्या दिवशी मिळाले.

मित्रांनो, उद्या तुम्हीही असा एखादा प्रोग्राम निवडाल. फुकट आहे एवढेच पाहू नका; तो कुणाचे हात झाकतो का, कुणाची अक्षरे मोडतो का, हेही पाहा. घरातले माणूस काही सांगत असेल तर आपल्याला समजले असे धरून चालू नका. पुन्हा एकदा विचारा. आणि माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी अभ्र्याखाली असेल, तर त्याच्या पंख्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा. माझी तर रोज पुसतात, कारण मावशीच्या खुणा अजून संपलेल्या नाहीत.