ज्योत्स्नाच्या डोळ्यातली बुरशी

मी बुरशी. नाव ऐकताच नाक मुरडलंत ना? मुरडा. आज मलाही माझी लाजच वाटते, म्हणून तर बोलायला बसले आहे.

दर्यापूरजवळच्या एका शेतात, भिजलेल्या सोयाबीनच्या गंजीत माझा जन्म झाला. तेव्हा मी नुसता एक कण होते. मोहरीसारखी गोल, पण कुणाच्या नजरेला न दिसण्याइतकी लहान. कुजकं कुटार, म्हणजे शेंगा-काड्यांचा भुसा, खायचं आणि त्याची माती करायची, एवढाच माझा धंदा. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

मळणीच्या दिवशी थ्रेशरमधून कुटार उडालं आणि त्यातल्या एका काडीवर बसून मी थेट ज्योत्स्नाच्या डोळ्यात गेले. ज्योत्स्ना त्या घरची सून. एसटीत कंडक्टर म्हणून तिची नुकतीच निवड झाली होती. डोळ्यांची तपासणी तेवढी बाकी होती. सासूने, दुर्गाबाईंनी, पदराच्या टोकाने हलकेच काडी काढली. मी मात्र काडीने बुबुळावर काढलेल्या ओरखड्यात राहिले.

तिथे मी गोलच राहिले असते तर दोन दिवसांत संपले असते. पण माझ्या अंगात काही प्रथिनं आहेत, ती निरोप्याचं काम करतात. ऊब आणि ओल लागली की कडेचं एक जागं होतं, ते आतल्याला हलवतं, आतलं त्याच्या पुढच्याला. निरोप एकच असतो: गोल राहणं सोड, एका बाजूने वाढ. मग माझी ती बाजू फुगते, तिला कोंब फुटतो, कोंबाचा लांब धागा होतो. धागा झालं की आत घुसता येतं. मी घुसले.

दुसऱ्या दिवशी डोळा लालबुंद झाला. दुर्गाबाईंचा सुनेवर भारी जीव. सासरे देवमन यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली थेंबांची बाटली त्यांनी कोनाड्यात जपून ठेवली होती. डोळ्याचंच औषध आहे, वाया कशाला घालवायचं, असं म्हणून त्या दिवसातून चारदा ते थेंब घालू लागल्या. ते होतं सूज उतरवणारं औषध. लाली गेली, घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पण मला अडवणारे डोळ्याचे राखणदारही त्याच औषधाने झोपी गेले आणि मला रान मोकळं मिळालं. आठ दिवसांत बुबुळावर पांढरा डाग पडला.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी मला थोडं खरवडून काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, आणि आधी काय औषध घातलं होतं ते विचारलं. ज्योत्स्ना सासूकडे न बघता म्हणाली, "काईच नाई टाकलं."

दुर्गाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी कमरेच्या पिशवीतून बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

"ती मले वाचवून राह्यली, मॅडम. मीच टाकलं. आठ दिवस टाकलं. तिले काई बोलू नका."

तोवर मी मनाशी घोकत होते की दोष त्या निरोप्यांचा. त्यांनी सांगितलं तशी मी वाढले. त्या बाईने दोष कुणावर ढकलला नाही, अगदी बाटलीवरही नाही. तेव्हापासून मला तोंड लपवायला जागा नाही.

ती बाटली बंद झाली आणि माझ्यावरचं औषध तासातासाला सुरू झालं. आता माझे दोनचार धागे उरलेत, तेही वाळत चाललेत. डाग मात्र राहणार आहे. कंडक्टरकीची तपासणी येत्या सोमवारी आहे. तुमच्या घरी अशी उरलेली बाटली कुठे जपून ठेवली असेल तर तेवढी फेकून द्या. जाता जाता दुसरं काही मागायचा मला हक्क नाही. पण आजची सकाळ सांगते.

भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर आहे. ते दुर्गाबाईच फाडतात. मग सुनेचा चांगला डोळा आपल्या तळहाताने झाकून तारीख विचारतात. आज गडबडीत पान फाडायचं राहून गेलं होतं.

"काय दिसते?"

"सतरा," ज्योत्स्ना लगेच म्हणाली.

भिंतीवर अजून कालचे सोळाच होते. माझ्यापलीकडचं तिला काहीच दिसत नव्हतं. दुर्गाबाईंनी भिंतीकडे पाहिलं. मग दुसऱ्या हाताने, आवाज होऊ न देता, त्यांनी सोळाचं पान फाडलं आणि मुठीत धरलं.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या.