वाळूखालचा हवालदार

मी एक जुनं, घडीचं फावडं आहे. पण या घरात मला फावडं कुणी म्हणत नाही, सगळे हवालदार म्हणतात. हिरवट रंग, आखूड दांडा, टोकाला तिकोनी मूठ, पात्याची एक कड धारदार आणि दुसरीला करवतीचे दाते. हा लष्करी थाट पाहून लोकांना वाटतं, गडी कुणाच्या बापाला भीत नसेल. मित्रांनो, तुमचीही तीच समजूत झाली असेल तर ती आत्ताच काढून टाका. मला वाळूची भीती वाटते, अंधाराची वाटते आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या दात्यांची वाटते. का, ते सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाच्या पत्र्यावर एक भलंमोठं यंत्र दाणकन आदळलं आणि मी पात्याच्या आकारात बाहेर पडलो. मग भट्टीत घातलं, मग एका गरगरत्या चाकाने दाते कापले. शेवटी पातं दांड्याला जोडलं आणि जोडावर आटे असलेलं एक कडं बसवलं. हे कडं म्हणजे माझा जीव. ते सैल केलं की पातं फिरतं. सरळ ठेवून कडं आवळलं की मी फावडं होतो, काटकोनात आवळलं की माती ओढून काढायची कुदळ होतो, आणि पार मिटलं की पिशवीत मावतो.

दुकानात मला दोरखंड आणि तंबू यांच्या मधल्या खिळ्यावर टांगलं होतं. येणारा प्रत्येक जण मला उघडायचा आणि हवेत दोन-चार वार करायचा. "याने काय काय होतं?" असं कुणी विचारलं की दुकानदाराच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. खणतं, तोडतं, कापतं, ठोकतं, वेळ पडली तर बसायलाही होतं. ते ऐकून मला वाटायचं, एवढं सगळं आपल्याला कसं जमणार?

मग बाई आल्या. इमारत उभी राहण्याआधी खालची जमीन कशी आहे ते तपासायचं, हे त्यांचं काम. त्यांनी वार वगैरे काही केले नाहीत. कडं फिरवलं, आवळलं, पातं हलतं का ते पाहिलं आणि म्हणाल्या, "द्या हे."

बाईंच्या हाताखाली मी काय नाही केलं! मोकळ्या माळांवर खड्डे खणले, आडव्या येणाऱ्या मुळ्या दात्यांनी कापल्या, तंबूचे खुंटे ठोकले, तंबूभोवती पाणी जायला चर काढले. दुपारी बाई माझं पातं काटकोनात वळवून दांडा जमिनीवर टेकवायच्या आणि पात्यावर बसून डबा खायच्या. एका पायाचं स्टूल. पहिल्यांदा त्या बसल्या तेव्हा दोघंही आडवे झालो होतो, पण ते त्या कुणाला सांगत नाहीत.

नाव पडलं ते जीप चिखलात रुतली तेव्हा. ड्रायव्हरकाका कपाळाला हात लावून बसले होते.

"बाई, आता ट्रॅक्टर आल्याशिवाय काही खरं नाही."

"आधी या हवालदाराला तर विचारू," बाई म्हणाल्या.

मी चारही चाकांपुढचा चिखल उपसला, झुडपाच्या फांद्या तोडल्या, त्या चाकांखाली घातल्या आणि जीप एका झटक्यात बाहेर आली. ड्रायव्हरकाकांनी मला कडक सलाम ठोकला. मला फार बरं वाटलं. पण खरं सांगू? प्रत्येक वेळी जमिनीत शिरताना माझा जीव मुठीत असायचा. खाली दगड असेल, तार असेल, एखादा जिवंत प्राणी असेल. आपल्याला दिसत काही नाही आणि धार तर पुढेच.

बाईंना ते कळत असावं. त्या हळू खणायच्या. खड्डा कमरेइतका झाला की स्वतः आत उतरायच्या नाहीत, कुणाला उतरूही द्यायच्या नाहीत. संध्याकाळी मला धुवून, पुसून, कड्याच्या आट्यांना तेल लावूनच झोपायला जायच्या.

पुढे बाईंना कचेरीत बढती मिळाली. माती आता बरण्यांतून त्यांच्या टेबलावर यायला लागली आणि मी जिन्याखालच्या कपाटात गेलो. जुने बूट, फुटकी बादली आणि मी. तेल लावणारं कुणी उरलं नाही.

एकदा बाईंचा भाऊ आला. घरातली मुलगी त्याला मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणतो. माणूस मोठा हौशी आणि तितकाच विसरभोळा. त्याच्या गच्चीला भेग पडली होती. सिमेंट कालवायला त्याने मला नेलं, काटकोनात वळवून मस्त कालवलं, आणि काम झाल्यावर न धुता तसंच आणून कपाटात ठेवलं. कड्याच्या आट्यांत शिरलेलं सिमेंट तिथेच वाळलं. मी काटकोनात अडकलो. ना सरळ होता येईना, ना मिटता येईना. कपाटाचं दार उघडून कुणी पाहिलंही नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

सुट्टी होती. बाई, त्यांची मुलगी बिट्टी, मामा आणि मामाची मुलगी, जिला बिट्टी ताई म्हणते, असे सगळे नदीवर निघाले. मामाने मला गाडीत टाकलं. नदीकाठी वाळूचा एक उंच कडा होता. पाण्याने खालून खाल्लेला, समोरून भिंतीसारखा उभा. बाई दुपारी जेवण झाल्यावर पाण्याचा कॅन आणायला वर गाडीकडे गेल्या.

"मामा, आपण खड्डा खणू या?" बिट्टीने विचारलं.

मामाने माझं कडं फिरवायला घेतलं. ते हलेना. दात-ओठ खाऊन पाहिलं, दगडाने ठोकून पाहिलं.

"हवालदार वाकडाच बसलाय," तो म्हणाला. "याने खाली खणता नाही यायचं. पण ओढून काढायला झकास आहे. तू असं कर, त्या भिंतीत बंकर खण. लष्करी माणूस आहे, बंकर खणायलाच जन्माला आलाय."

आणि तो चटईवर आडवा होऊन टोपी तोंडावर घेऊन पडला.

मित्रांनो, मी सरळ असतो तर बिट्टीने जमिनीत साधा खड्डा खणला असता, पाणी लागलं असतं आणि तिने कंटाळून सोडून दिला असता. पण मी वाकडा होतो, म्हणून ती भिंतीत शिरली. ओली वाळू सहज निघत होती. आधी हात आत, मग खांदे, मग ती पोटावर झोपून पार कमरेच्या पुढे गेली. ताई बाहेर बसून तिने मागे लोटलेली वाळू दूर सारत होती. आत गार होतं, अंधारलेलं होतं. बिट्टी गाणं गुणगुणत होती. मी मात्र पहिल्या ओढीपासून थरथरत होतो, कारण वरून बारीक बारीक कण माझ्या पात्यावर पडायला लागले होते. ओरडून सांगायला मला तोंड कुठे आहे?

आवाज झालाच नाही. निदान मोठा झाला नाही. भस्सकन सगळं खाली आलं आणि काळोख झाला.

बिट्टी पोटावर आडवी, डोकं आतल्या बाजूला. माझा दांडा तिच्या खांद्याला लागून, मूठ मागे तिच्या कमरेपाशी आणि वाकलेलं पातं बरोबर तिच्या तोंडासमोर आडवं. पात्याच्या आणि तिच्या नाकाच्या मधे मुठीएवढी पोकळी राहिली होती. बाकी चहूकडून वाळू. खणून काढणारं अवजार म्हणजे मी, आणि मीच आत गाडला गेलो होतो. माझे दाते तिच्या गालाला टेकले होते. वरचं ओझं जरा सरकलं की ते आणखी रुतायचे.

तिला ओरडता येत नव्हतं. ती श्वास सोडायची आणि माझ्या थंड पात्यावर वाफ धरायची. मला दुसरं काहीच कळत नव्हतं, फक्त ती वाफ. आधी भराभर येत होती. मग थोडी थांबून यायला लागली. मग आणखी थांबून. प्रत्येक वेळी मी वाट बघायचो, आता येईल, आता येईल. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती, भट्टीतसुद्धा नाही.

बाहेर काय चाललं होतं ते मला पुढे ताईच्या तोंडून कळलं. तिची किंकाळी ऐकून मामा धडपडत उठला. बिट्टीच्या टाचा तेवढ्या दिसत होत्या. त्याने त्या धरून ओढायला सुरुवात केली, तर वरून आणखी वाळू घसरली. तेवढ्यात बाई कॅन टाकून धावत आल्या.

"ओढू नकोस. पाय सोड तिचे."

"अगं, पण ती आत..."

"माहितीये मला. तू पाठ लाव वर. चटई घे आणि वरची वाळू पाठीने धरून ठेव. हलू नकोस."

मामाने चटई पाठीशी धरली आणि भिंतीला पाठ लावून पाय रोवले. बाई आणि ताई हाताने खणायला लागल्या. डब्याची झाकणं घेतली, ताटली घेतली. नखं मोडली तरी थांबल्या नाहीत. मामाच्या मानेवर, डोक्यावर वाळू पडत होती. तो नुसता बिट्टीचं नाव घेत राहिला.

आणि मग माझ्या मुठीला बोटं लागली. बाईंची बोटं. इतक्या वर्षांनी लागली तरी मी ओळखली. त्यांनी मूठ घट्ट पकडली.

मित्रांनो, तेव्हा माझं काय झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. मूठ हाताला लागली की माणूस ओढतोच. त्यांनी मला ओढलं असतं तर माझं वाकडं पातं दात्यांसकट बिट्टीच्या तोंडावरून मागे आलं असतं. पोकळी गेली असती, आणि पुढचं मला बोलवत नाही. बाईंचा हात आवळला. दांडा एवढासा हलला, एक दाता तिच्या गालात शिरला.

हात थांबला.

"हवालदार आहे," बाईंचा आवाज वाळूतून अगदी बारीक ऐकू आला. "पातं पुढे अडतंय, म्हणजे तिच्या तोंडापाशी आहे. याला कुणी हात लावायचा नाही."

त्यांनी मला सोडून दिलं. माझ्या दांड्याच्या कडेकडेने, बोटांनी वाळू उकरत त्या पुढे आल्या. कमर मोकळी झाली, पाठ, खांदे. पात्यावर वाफ येईनाशी झाली होती. मग एकदम उजेड आला. बाईंनी एका हाताने माझं पातं जागच्या जागी धरलं आणि दुसऱ्या हाताने बिट्टीचं डोकं माझ्यापासून बाजूला घेतलं. ताईने तिला कमरेला धरून बाहेर काढलं, मगच मामाने पाठ हलवली.

ती काळीनिळी पडली होती. बाईंनी तिच्या तोंडातली वाळू काढली, श्वास दिला, परत दिला. मग बिट्टी खोकली. वाळू ओकली, आणि एवढी रडली, एवढी रडली की मामाही तिथेच बसून रडायला लागला.

डॉक्टरांनी गालाला टाके घातले. घरी येणारा-जाणारा म्हणायचा, "हवालदाराने पोरीला वाचवलं हो." माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं आणि ते ऐकून इतकी लाजही कधी वाटली नव्हती. मी काही केलं नाही. मी अडकलेलो होतो, म्हणून तसा राहिलो. वाचवलं ते मूठ हातात आल्यावर न ओढणाऱ्या हाताने.

मामा मात्र दुसऱ्याच दिवशी आला. अंगणात बसून खिळ्याने आणि तारेच्या ब्रशने त्याने माझ्या आट्यांतलं सिमेंट कण-कण करून काढलं. दिवस मावळायला आला तेव्हा कडं कुरकुरत फिरलं.

"धुवून ठेवलं असतं तर," तो म्हणाला आणि कडं पुन्हा पुन्हा फिरवत बसला.

"मीही दार उघडून बघितलं नाही," बाई म्हणाल्या. "तेल आण. मी लावते."

तेव्हापासून मी दाराजवळच्या खुंटीला असतो. वापरलं की धुतात, पुसतात, तेल लावतात. मित्रांनो, अवजार कुठलंही असो, त्याच्याशी असंच वागा. आमच्या सांध्यात अडकलेली घाण लगेच कुणाला बोचत नाही. ती बोचते तेव्हा भलत्यालाच बोचते.

पुढच्या वर्षी शेजारी बांधकाम निघालं. वाळूचा मोठा ढीग पडला. कामगार जेवायला गेले की मुलं ढिगावर. बिट्टी तिकडे फिरकायचीसुद्धा नाही. तिला अजून तोंडावरून पांघरूण घेता येत नाही. एकदा तिने खिडकीतून पाहिलं, मुलांनी ढिगाच्या पोटात भुयार केलं होतं आणि एक मुलगी गुडघ्यांवर बसून आत डोकावत होती.

बिट्टीने मला खुंटीवरून काढलं आणि ती धावत सुटली. माझी मूठ तिच्या घामाने भिजली होती. ढिगापासून लांबच तिचे पाय थबकले. तिथूनच ती म्हणाली, "आत जाऊ नकोस. बाहेर ये."

"काही होत नाही गं. ये ना तूपण."

"नाही. बाहेर ये आधी."

"भित्री भागूबाई," सगळी मुलं हसायला लागली.

"हो, आहे मी भित्री," बिट्टी म्हणाली. "चिडवा हवं तेवढं. पण ती बाहेर आल्याशिवाय मी इथून जाणार नाही."

ती मुलगी तोंड वाकडं करून बाहेर आली. बिट्टीने सगळ्यांना मागे सरायला लावलं. मला सरळ केलं, कडं आवळलं, बाजूने हात लांब करून भुयाराच्या छतावर एकदा टेकवलं. फक्त टेकवलं. छत भस्सकन खाली आलं आणि भुयाराच्या जागी नुसता ढीग उरला. मघाशी ती मुलगी बसली होती ती जागाही दिसेना. हसणारं कुणी उरलं नाही. ती मुलगी हळूच येऊन बिट्टीच्या दंडाला धरून उभी राहिली.

मित्रांनो, तुमच्या टोळीतही असेल एखादी भित्री भागूबाई. तिला जपा.