मावशीच्या फोनात विसरलेलं खातं

बाळांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमचं घर उदगीरला आहे आणि मावशीचं लातूरला. एक दिवस तुम्ही आपलं कपाट उघडलं, तर आत तुमच्या कपड्यांशेजारी मावशीच्या वस्तू! ती तिकडे लातूरला जे जे ठेवते, ते इकडे तुमच्या हाताशी येतं, आणि तिला याचा पत्ताच नाही. आता सांगा, तुम्ही दार लावून घ्याल, की एकेक वस्तू उचलून बघाल?

उत्तराची घाई नको. सुकन्याला कुणी असं विचारलं असतं, तर तीही चटकन म्हणाली असती, "मी न्हाई बघणार!"

सुकन्या सहावीतली. उदगीरला तिच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान आहे. दिवाळीत ती लातूरला मंजुश्री मावशीकडे गेली होती. शाळेला विज्ञानाच्या प्रकल्पाचे फोटो पाठवायचे होते, म्हणून तिनं मावशीचा फोन घेतला. ज्या ॲपमधून आपण इंटरनेटवर काहीबाही शोधतो, ते ब्राउझर उघडलं आणि त्यात स्वतःचं खातं घातलं. फोननं विचारलं, इथलं सगळं या खात्यात जपून ठेवू का, म्हणजे तुमच्या दुसऱ्या फोनवरही दिसेल. सुकन्यानं न वाचताच 'हो' दाबलं.

"मावशी, तुझ्या फोनात माझं खातं टाकलंय गं."

"टाक की," मावशी चकल्या तळता तळता म्हणाली. "आपल्या आपल्यात काय लपवायचंय?"

फोटो गेले, चकल्या झाल्या, सुट्टी संपली. खातं मात्र मावशीच्या फोनातच राहिलं.

पुढे एकदा उदगीरला सुकन्या वडिलांच्या जुन्या फोनवर आपल्या खात्यातून नकाशा शोधत होती. 'न' लिहिताच खाली एक ओळ उमटली. तिच्या शेजारी इवलंसं घड्याळ होतं, म्हणजे हे आधी कुणीतरी शोधलेलं. 'नांदेड निवासी शाळा वसतिगृह सोयी.' सुकन्यानं तर हे कधीच शोधलं नव्हतं. नांदेडच्या त्या शाळेत मावशीच्या रविकिरणचा सहावीसाठी नंबर लागला होता. आदल्या वर्षी सुकन्यानंही तीच परीक्षा दिली होती. तिचा लागला नव्हता.

काय झालंय ते तिच्या तेव्हाच ध्यानात आलं. मावशीच्या फोनातलं खातं इथून काढून टाकायला एक मिनिटही लागलं नसतं. तिनं ते काढलं नाही. तिनं 'हिस्टरी' उघडली.

मावशीनं शोधलेलं सगळं तिथं ओळीनं होतं. काही मावशीचं स्वतःबद्दलचं, काही रविकिरणबद्दलचं. 'अकरा वर्षांचा मुलगा झोपेत अंथरूण ओलं करतो उपाय.' आणि त्याच्या खाली, 'वसतिगृहात कळलं तर मुलाला चिडवतात का.'

सुकन्यानं फोन पालथा घातला. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा उघडला.

मे महिन्यात, शाळेला जायच्या आधी, रविकिरणचा अय्याचार ठरला. अय्याचार म्हणजे दीक्षेचा विधी. त्यात स्वामी मुलाच्या गळ्यात इष्टलिंगाचा चांदीचा करंडा बांधतात. त्यासाठी सगळे पाहुणे लातूरला जमले. आदल्या दिवशी पोरांना काम मिळालं, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया राखायचं. सुकन्या, रविकिरण, शेजारचा आनंदराज आणि चिमुरडी पुनम टाकीच्या सावलीत बसले होते.

"अक्का, हॉस्टेलचे फोटो दाखवू का?" रविकिरण म्हणाला. "तू तर मागल्या साली गेटावरूनच माघारी आलीस ना!"

आनंदराज खिदळला. सुकन्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"दाखव की. गादीवर घालायला प्लास्टिक घेतलं का, ते पण दाखव."

"कसलं प्लास्टिक?"

"अकरा वर्षांच्या बाळाला लागतं तसलं. सकाळी गादी वाळत घालायला गच्ची हाय का तिथं?"

आनंदराजच्या डोक्यात आधी प्रकाश पडला. "अय्यो! रव्या, तू अजून...?" आणि तो पोट धरून हसायला लागला. पुनमला काहीच कळलं नाही. सगळे हसतात म्हणून तीही हसली.

रविकिरणनं 'न्हाई' म्हटलं असतं, भांडला असता, तर सुकन्याला बरं वाटलं असतं. तो नुसता उभा राहिला. त्याच्या मुठीत कुरडईचा चुरा झाला होता. मग तो जिन्यानं खाली गेला, आणि थोड्याच वेळात त्याचा आवाज वर आला.

"अक्काला तूच सांगितलंस! तुझ्याबिगर कुणालाच ठाऊक नव्हतं. अप्पाला सुद्धा न्हाई!"

"देवाशपथ न्हाई रे राजा..."

"मी न्हाई जाणार त्या शाळेत. न्हाई म्हणजे न्हाई!"

सुकन्यानं तेव्हाच खाली जायला हवं होतं. ती गच्चीवर बसून कावळे हाकलत राहिली. आकाशात एकही कावळा नव्हता.

संध्याकाळी मावशीनं तिला स्वयंपाकघरात गाठलं. मावशीचे डोळे लाल झाले होते. "सुकन्या, खरं सांग बाई. तुला कुणाकडून कळलं?"

सुकन्या म्हणाली, "तू... आईशी फोनवर बोलत होतीस ना कधीतरी. तवा ऐकलं असंल."

मावशी आठवत राहिली. "असंल. बोलले असंन मी. काळजीच्या भरात माणूस काय बोलतंय, त्याचं त्यालाच ध्यान राहत न्हाई." आणि ती रविकिरणकडे गेली. "बाळा, माझ्याच तोंडून निघालं असंल. चुकले मी." रविकिरणनं भिंतीकडे तोंड फिरवलं. दाराआडून सुकन्या हे बघत होती. न केलेली चूक मावशीनं पदरात घेतली होती, आणि ती तिच्या पदरात सुकन्यानं घातली होती.

दुसऱ्या दिवशी विधी झाला. स्वामींनी करंडा बांधला. नागप्पा अज्जांनी नातवाला जवळ घेतलं आणि सगळ्या पोरांना सांगतात तेच त्यालाही सांगितलं. "हे तुझं. कुणाला उघडू द्यायचं न्हाई, आणि दुसऱ्या कुणाचं आपण उघडायचं न्हाई. आईबापाचं सुद्धा न्हाई."

सुकन्याचा हात आपसूक स्वतःच्या गळ्यातल्या करंड्याशी गेला. लहानपणी ती मावशीच्या कुशीत झोपायची. मावशीचा करंडा किती वेळा तिच्या गालाला लागला होता. उघडून बघावं, असं तिच्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं. त्यावर तर कुणाचा पहारा नव्हता.

मग हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर आली. पहिला घास आईनं भरवायचा होता. मावशीनं चमचा पुढे केला. रविकिरणनं ओठ घट्ट मिटले.

"मोठ्या मावशीला भरव," तो सुकन्याच्या आईकडे बघत हळूच म्हणाला. "तिलाच सगळं देत असतीस."

पोरगं लाजतंय, असं वाटून पाहुणे हसले. मावशीचा हात तसाच अधांतरी राहिला. सुकन्याला वाटलं, ही फरशी दुभंगावी आणि आपण आत जावं.

ती उठली. देवघराच्या फडताळावरचा मावशीचा फोन तिनं घेतला आणि मावशीला कोठीच्या खोलीत बोलावलं.

"मावशी, तुझ्या तोंडून काहीच निघालं न्हाई. हे बघ." ब्राउझर उघडून तिनं वरच्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवलं. त्यात सुकन्याचा दोन वेण्यांचा फोटो होता. "इथं हा कुणाचा फोटो हाय?"

"तुझाच की. मला वाटलं, तूच कौतुकानं लावलास."

"खातं माझं हाय. दिवाळीपासून तू जे जे शोधलंस, ते तिकडं मला दिसत होतं. आणि मी वाचलं. काल तुझ्याशी खोटं पण बोलले."

मावशीनं फोन पोटाशी धरला, अंगावरचा पदर सरकल्यावर बाई धरते तसा. मग विचारलं, "माझं... माझं पण वाचलंस?"

"हाव."

मावशीनं चापट मारली असती, तर ती सुकन्यानं आनंदानं खाल्ली असती. मावशीनं नुसती नजर वळवली.

"काढ ते," ती म्हणाली.

सुकन्यानं आधी खात्यात जमलेलं सगळं पुसलं. मग खातं फोनातून काढलं. कोपऱ्यातला फोटो गेला आणि तिथं रिकामा गोल उरला.

"रवीला सांगते मी," सुकन्या म्हणाली.

"काल गच्चीवर ते कुणाकुणापुढं बोलली होतीस?"

सुकन्यानं ओट्यावर राहिलेली हुग्गीची वाटी उचलली आणि जिना चढून वर गेली.

रविकिरण गच्चीवर येऊन टाकीला टेकून बसला होता. नवा करंडा त्याच्या छातीवर चमकत होता. आनंदराज आणि पुनम जरा लांब होते. त्याला खुणेनं बाजूला बोलावणं सोपं होतं. सुकन्या तिघांच्या मधोमध उभी राहिली.

"मावशीनं कुणाला काही सांगितलं न्हाई. मी तिच्या फोनातलं चोरून वाचलं. चोरलेलं तुमच्यापुढं बोलले, आणि मावशीवर ढकललं."

"म्हणजे ते खरंच..." आनंदराजनं तोंड उघडलं.

"ते मी बोलायचं नव्हतं, आन्या. तू पण विचारायचं न्हाई."

रविकिरणनं मान वर केली नाही. सुकन्यानं वाटी त्याच्याजवळ ठेवली. "ही मावशीनं वाढलेली हाय," एवढंच ती म्हणाली.

मग ती गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, कठड्याशी जाऊन बसली. तो रडतोय का, खातोय का, की वाटी तशीच पडलीय, हे बघावं असं तिला फार वाटत होतं. मागे चमचा वाजल्यासारखं झालं. सुकन्या कुरडयांकडे तोंड करून बसून राहिली. तिनं मागे वळून बघितलं नाही.