दुधाच्या खणातला चमचा

मी एक चमचा. बोलायची सवय नाही, तेव्हा सावकाश सांगतो.

पोलंडातल्या वूच शहरात, फ्राडलबाईंच्या स्वयंपाकघरात, वरच्या खणात आम्ही सहा भाऊ राहायचो. दांड्यावर खाच असलेले, दुधाचे. मांसाचे चमचे खालच्या खणात. आम्हा ज्यूंच्या घरात दूध आणि मांस एकमेकांना शिवत नाहीत, म्हणून आमचीही कधी गाठ पडायची नाही. त्यांचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

एकदा फ्राडलबाईंच्या पाच वर्षांच्या लेकीनं, गित्लनं, मला मांसाच्या रश्श्यात बुडवलं.

"अगं कार्टे, दुधाचा ना तो!" म्हणत फ्राडलबाईंनी मला खिडकीतल्या कुंडीत खोल रोवलं.

"आई, उगवेल का गं तो?"

"उगवला तर तुझ्या लग्नात वाढायला होतील. तीन दिवस राहू दे. माती सगळं ओढून घेते. मग परत आपल्या खणात."

ते तीन दिवस मला फार लांब वाटले. तेव्हा काय कळत होतं!

काही वर्षांनी लढाई आली. घर सोडायला वीस मिनिटं मिळाली. फ्राडलबाईंनी घाईत खणात हात घातला, मी तेवढा हाती लागलो. पाच भाऊ मागं राहिले.

ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, घेट्टोत, एका खोलीत नऊ माणसं. पुढं तिथूनही गाडीत कोंबून छावणीत नेलं. कपडे घेतले, केस कापले. बूट तेवढे पायात राहिले, आणि गित्लच्या बुटात, तळव्याखाली मी. ती लंगडायची, पण मला काढायची नाही.

तिथं मायलेकींत एक वाडगा आणि मी एकटा. एक घोट आईचा, एक लेकीचा. आईचा घोट अर्धाच असायचा. ते मला कळायचं, गित्लला नाही.

"आई, हे दुधाचं की मांसाचं?"

"पाण्याचं. बिनघोर पी."

दोघी हसायच्या. मग एक दिवस वाडग्यात खरंच मांसाचा तुकडा आला. घोड्याचा असावा. गित्लचा हात थांबला.

"आई, हा दुधाचा चमचा आहे."

"खा गं. घरी गेलीस की मातीत रोव त्याला. मग दुधाच्या खणात ठेव. विसरशील?"

"नाही विसरणार."

'गेलीस' म्हणाल्या, 'गेलो' नाही. तेही मलाच कळलं. बर्फ वितळायच्या आत फ्राडलबाई तापानं गेल्या. त्यानंतर सगळे घोट गित्लचेच होते, पण ती मधेच थांबायची. एक घोट मोकळा सोडायची.

सुटल्यावर ती वूचला गेली. आमच्या घराचं दार हातभर उघडलं. "आता आम्ही राहतो इथं," आतली बाई म्हणाली, आणि दार लागलं. दारापाशी ती बराच वेळ उभी होती. मी तिच्या खिशात होतो.

मग समुद्र ओलांडून इस्रायलातलं हैफा. सत्तर वर्षं मी कपाटावरच्या पेल्यात उभा राहिलो. तिनं मला मातीत रोवलं नाही, कुठल्या खणातही ठेवलं नाही. आईनं सांगितलेलं एवढं एकच काम उरलं होतं. ते करून टाकलं की मग काय, असं तिला वाटत असावं.

परवा शेजारची कार्मेला म्हणाली, "गित्लमावशी, हा वाकडा चमचा फेका की आता. एक्क्याण्णवाव्या वर्षी कशाला जपताय?"

कार्मेला गेल्यावर गित्लनं मला उचललं आणि गच्चीतल्या कुंडीत रोवलं.

"ते घर परत मिळेल म्हणून थांबले होते," मला म्हणाली, की आईला, कोण जाणे. "आता यालाच घर म्हणते."

तीन दिवस ती कुंडीपाशी खुर्ची टाकून बसली. चौथ्या सकाळी मला धुतलं, कोमट दुधात बुडवलं. किती वर्षांनी दूध लागलं मला! तिनं एक घोट घेतला. एक सोडला. मग वरचा खण रिकामा करून, कागद अंथरून मला आत ठेवलं.

आता मी माझ्या जागी आहे. सहा होतो तेव्हा खण ओढला की खुळखुळायचो. आता एकटाच या टोकाकडून त्या टोकाला घरंगळतो. गित्लनंतर हे घर आवरायला कुणी याल, तर एवढंच करा. खण हळू ओढा. आणि मला खालच्या खणात टाकू नका.